विमानात कार सीट न्यावी, की नुसता पट्टा?

लेक अडीच वर्षांची होती तेव्हा न्यू जर्सीहून पुण्याला जाताना आम्ही तिला विमानात खांद्यांच्या पट्ट्याने बांधून नेलं, आणि सहा आठवड्यांनी परत येताना कार सीटमध्ये, म्हणजे गाडीत लहान मुलांना बांधून बसवायच्या खुर्चीत, बसवून आणलं. तीच मुलगी, तीच विमान कंपनी, मधे युरोपात तोच तीन तासांचा थांबा, दोन्ही टप्पे आठ-नऊ तासांचे. इतकी सोयीची तुलना पुन्हा हाती लागणार नाही म्हणून लिहून ठेवतोय. डिसेंबरच्या तिकिटांचे दर बघत डोकं धरून बसलेल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

मांडीवरचा पर्याय आधी बाजूला करतो. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, परदेशी प्रवासात त्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, आणि ती चौदा महिन्यांची असताना आम्हीही तेच केलं होतं. तेव्हा मी सू सिटीबद्दल वाचलेलं नव्हतं. जुलै १९८९ मध्ये आयोवा राज्यातल्या सू सिटीला जे विमान कोसळलं, त्यात मांडीवरची चार मुलं होती. आदळण्याआधी त्यांना आईवडिलांच्या पायांशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आलं, कारण त्या काळची सूचनाच तशी होती. त्यातलं एक मूल गेलं. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन वाचल्या आणि पुढे कित्येक वर्षं, मांडीवर मूल नेणं बंद करा म्हणून वॉशिंग्टनला खेटे घालत राहिल्या. नियम काही बदलला नाही. सरकारी युक्तिवाद असा, की लहानग्यांचंही तिकीट सक्तीचं केलं तर लोक विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. असेलही. पण न्यू जर्सीहून पुण्याला गाडीने कोण जाणार आहे?

असो. दोन पूर्ण झाली की सीट घ्यावीच लागते. दुसरा वाढदिवस आजीकडे साजरा करायचा बेत असेल, तर परतीला मुलाच्या नावाने सीटचं तिकीट लागेल, हे बुकिंगच्या वेळीच बघा.

आता पट्टा. मी म्हणतो तो विमानासाठीच बनवलेला, अमेरिकी विमान खात्याने मान्य केलेला. एक आडवा पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालून आवळायचा, त्याला दोन खांदेपट्टे, आणि त्यांची खालची टोकं विमानाच्या कमरेच्या पट्ट्यात ओवायची. १० ते २० किलोचं मूल, उंची साधारण १०० सेंटिमीटरपर्यंत. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत शंभर डॉलरच्या आत, आणि गुंडाळून ठेवला की डायपरच्या पिशवीत मावतो. विमानतळावर आम्ही अक्षरशः हात हलवत चाललो होतो. शेजारून एक जोडपं भलीमोठी कार सीट ओढत चाललं होतं, त्यांच्याकडे मी जरा कीव आल्यासारखं पाहिलं, हे कबूल करतो.

बसवायलाही सोपा आहे, फक्त मागच्या माणसाची मदत लागते. आडवा पट्टा त्यांच्या ट्रेच्या मागून जातो, म्हणून त्यांना ट्रे खाली घ्यायला लावायचा, आपण सीटवर गुडघे टेकून पलीकडे हात घालायचा आणि पट्टा ओढून घ्यायचा. आमच्या मागे एक काका होते, जळगावचे. त्यांनी ट्रे तर धरलाच, वर पट्टा आवळूनही दिला. पोरगी ऐटीत बसली. तिचा स्वतःचा ट्रे खाली येत होता, त्यावर तिने स्टिकरं चिकटवली, जेवली, पायलटसारखा पट्टा आहे म्हणून सगळ्यांना दाखवून झालं. इथवर पट्ट्याला शंभरपैकी शंभर.

मग दिवे मंद झाले आणि ती झोपली.

या पट्ट्याला दोन पायांच्या मधून येणारा पट्टा नाही. कार सीटला असतो, म्हणून मूल खाली सरकत नाही. विमानाची सीट मुलाच्या मांडीच्या मानाने लांब, त्यामुळे गुडघे कडेला वाकत नाहीत, पाय समोर काठीसारखे सरळ राहतात आणि झोपेत अंग सैल पडलं की मूल हळूहळू घसरायला लागतं. त्यात आमच्या बाईसाहेबांनी गुळगुळीत लेगिंग घातलेली, आणि सीटचं कव्हर रेक्झिनसारखं. मी फोनच्या उजेडात पाहिलं तेव्हा कमरेचा पट्टा पोटावर चढला होता आणि छातीवरची क्लिप हनुवटीला टेकली होती. दोन्ही काखांत हात घालून तिला वर ओढली. ती रडली, थोपटली, झोपली. वीस मिनिटांनी पुन्हा क्लिप हनुवटीशी.

बायकोने ब्लँकेटची वळकटी करून गुडघ्यांखाली सारली. त्याने थोडा फरक पडला, म्हणजे वीस मिनिटांची तीस झाली. कमरेचा पट्टा आणखी आवळावा, तर तो आधीच पार शेवटपर्यंत ओढलेला. पहिल्या टप्प्यात मी तिला नऊ वेळा वर ओढली. मोजलं कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सिनेमा लावायचा म्हटलं, तर पडद्याकडे बघताना ती कधी घसरली हे कळणार नाही ही धास्ती. आम्ही पाळ्या लावल्या, शेतात राखणीला बसतात तशा. दुसऱ्या टप्प्यात नाद सोडला. पट्टे बांधायची खूण विझली की तिला सोडवून दोघांच्या मांड्यांवर आडवी घ्यायची, खूण लागली की झोपेतून उठवून पुन्हा बांधायची. आफ्रिकेच्या बाजूने विजा चमकत होत्या, खूण सारखी लागत होती.

यात पट्ट्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. दिवसाच्या प्रवासात, जागं मूल सरळ बसलेलं असताना, तो उत्तम धरतो. आमची लेक बारीक चणीची, बारा किलोची, आणि झोपेत लोळणारी. एखाद्याचं गुटगुटीत बाळ तिथे घट्ट बसतही असेल. माझ्या मित्राच्या मुलाला काही त्रास झाला नाही म्हणे, पण तो मुलगा विमानात झोपलाच नव्हता.

पट्ट्याचं दुसरं दुखणं विमानाच्या बाहेरचं आहे. तो गाडीत चालत नाही. म्हणजे पुढे गाडीचा प्रवास असेल तर कार सीट लागतेच, आणि ती सामानात टाकावी लागते. आमच्या आधीच्या वारीत तशी टाकलेली सीट मुंबईला सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून आली तेव्हा तिच्या पाठीच्या काळ्या प्लास्टिकवर बोटभर लांबीची पांढुरकी रेघ होती. प्लास्टिकची पट्टी वाकवली की घडीवर पांढरी पडते, तशी. भेग नव्हती. सीट वापरण्याजोगी होती की नव्हती, हे आजही सांगता येणार नाही, आणि हीच त्यातली गोम. हेल्मेट आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यावं म्हणतात. आम्ही ती परत आल्यावर टाकून दिली, पण जातायेता वापरली, मनात नसताना.

मुंबई-पुणे टॅक्सीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण कार सीट न्यायची की नाही याचं अर्धं उत्तर तिथे आहे. टॅक्सीच्या मागच्या सीटवर चकचकीत कव्हर, आणि पट्ट्याचं बक्कल त्या कव्हरच्या पोटात. चालक भला माणूस. “साहेब, ते कोणी लावतच नाही, म्हणून आत गेलंय,” म्हणाला, आणि दोघांनी मिळून कव्हरची शिवण सरकवून बक्कल बाहेर काढलं. दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की लॉक होतात, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे होत नाहीत. ते फक्त झटक्याला धरतात, त्यामुळे अमेरिकी सीट सैल राहते. त्यासाठी इंग्रजी एचच्या आकाराची लोखंडी क्लिप मिळते, ती बरोबर ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून आपल्या मोटार वाहन कायद्यातही आहे, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. आईला मी हा कायदा सांगितला. ती म्हणाली, “कायदा असेल रे, पण वासरू खुंट्याला बांधतात तसं काय बांधलंयस पोरीला? दे माझ्याकडे.” घाट संपेपर्यंत तिने ‘दे माझ्याकडे’ काही सोडलं नाही, मीही दिली नाही.

या वेळी परतीला मग कार सीट विमानात घेतली. घरच्या गाडीतली दहा किलोची, कपहोल्डरवाली नव्हे. तसली नेऊच नका. रुंदीला वीस इंचांच्या आसपास, आणि इकॉनॉमीची सीट सतरा-अठरा इंच. ही प्रवासासाठी घेतलेली, साडेतीन किलोच्या आसपासची, साठेक डॉलरची, गादी म्हणाल तर नावाला. ती चाकांच्या बॅगेवर उलटी ठेवून रबरी दोरीने बांधली. रांगेत मागचे एकजण म्हणाले, “स्वतःची खुर्ची घेऊन चाललात?” पुण्याहून आलेले असावेत.

सीटच्या कडेला लाल अक्षरांत ती गाडीत आणि विमानात चालते असं लिहिलेलं असतं. त्या ओळीचा फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे दारातच सीट पालथी करावी लागत नाही. भारतात घेतलेल्या सीटवर बहुधा नारिंगी युरोपीय स्टिकर असतं, ते चालेल का हे विमान कंपनीकडून आधी लेखी घ्या. जागा खिडकीची. शेजारचा माणूस उठून जाऊ शकला पाहिजे, म्हणून विमान कंपनीवाले ती बहुधा दुसरीकडे लावू देत नाहीत. सगळ्यात पुढची भिंतीजवळची रांग टाळा, तिथल्या खुर्च्यांचे हात वर होत नाहीत.

बसवायला मला सात-आठ मिनिटं लागली. गुडघा रोवायचा, पट्टा सीटच्या पाठीमागच्या वाटेतून ओवायचा, ओढायचा. ते जमलं. उतरताना मात्र बक्कल उघडेना. विमानाच्या बक्कलाची झडप वर उचलावी लागते, आणि ती नेमकी कार सीटच्या प्लास्टिकला टेकलेली, उचलायला जागाच नाही. सगळं विमान रिकामं झालं, सफाईवाले आत आले, तेव्हा कुठे एका हवाईसेविकेने कार सीट जोरात दाबून धरली आणि मी दोन बोटं आत घातली. युक्ती तिनेच सांगितली. लावतानाच बक्कल उलटं करायचं, म्हणजे झडप विमानाच्या सीटच्या पाठीकडे येते आणि ती गादी दाबली जाते. पुढच्या टप्प्यात दहा सेकंदांत सुटलं.

आणि लाथा. कार सीटमध्ये मूल वर आणि पुढे येतं, पाय बरोबर पुढच्या सीटच्या पाठीशी. तिचा ट्रेही अर्धाच उघडतो, म्हणून जेवण आमच्या ट्रेवरून भरवावं लागलं. पुढचे गृहस्थ तिसऱ्या लाथेला वळून पाहायला लागले, सहाव्या लाथेला बोलले. बूट काढले, त्याने आवाज कमी झाला, लाथा नाही. मागे तोंड करून बसवली असती तर लाथा गेल्या असत्या, पण मग त्या गृहस्थांची सीट मागे झाली नसती. मधल्या थांब्यावर काउंटरला विनंती करून मी माझी जागा तिच्या पुढची करून घेतली. न्यू जर्सीतल्या नेवार्कपर्यंत हक्काच्या लाथा खाल्ल्या.

पण ती झोपली. पहिल्या टप्प्यात सलग साडेपाच तास, मान कडेच्या फुगवट्यावर टेकवून, गाडीत झोपते तशी. तिच्या लेखी ती गाडीच होती. मधे दोनदा विमान चांगलंच हललं, तिला पत्ता नाही. मी एक अख्खा सिनेमा पाहिला, शेवटासकट.

तरी सरसकट सांगणार नाही. एकट्या आईला दोन मुलं आणि तीन बॅगा सांभाळायच्या असतील तर सीट ओढणं जिवावर येईल, तिने पट्टाच न्यावा. दोन-तीन तासांचं दिवसाचं विमान असेल, उतरल्यावर आगगाडीने जायचं असेल, तरी पट्टा. आमचा कपाटात आहे, एका वारीपुरता वापरलेला, धाकट्या मेहुणीच्या मुलासाठी राखून ठेवलाय.

आमची डिसेंबरची तिकिटं निघाली आहेत. लेकीची सीट खिडकीची, माझी तिच्या बरोबर पुढची.