मोतिया शर्ट, आखूड पँट आणि आठ महिने

फेब्रुवारीत मी एका शनिवारी दुपारी २९,६०० रुपयांचे तीन कपडे घेतले. रक्कम घरात अजून कुणाला सांगितलेली नाही, तेव्हा ओळखीचं कुणी वाचत असेल तर कृपया गप्प बसावं. एक मोतिया रंगाचा लिननचा शर्ट (८,९०० रुपये), त्याहून जरा मातकट अशी ढगळ लिननची पँट (११,५०० रुपये) आणि पातळ मेरिनो लोकरीचा गोल गळ्याचा स्वेटर (९,२०० रुपये). कशावरही लोगो नाही, भरतकाम नाही, साधी टिकलीसुद्धा नाही. आता दिवाळी आठवड्यावर आली आहे. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा हे कपडे वापरून झाले, म्हणून लिहिते आहे.

घेतले का, तर कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळायचे आणि तरी रोज सकाळी घालायला काही नसायचं. त्यात २०२३ पासून सगळीकडे ‘क्वाएट लक्झरी’चा गजर सुरू होता: मोजके कपडे घ्या, भारी घ्या, साधे घ्या. कल्पना काही नवी नाही, डिझायनर जिल सँडरनं १९६८ साली जर्मनीत कंपनी काढली तीही याच वाटेनं गेली. पण ती माझ्यापर्यंत पोचली ती कोरेगाव पार्कातल्या एका थंडगार दुकानात, आणि तिथे एसीत सगळंच शोभून दिसतं.

पहिली फसगत ‘स्प्रिंग कलेक्शन’ या शब्दांत आहे. पॅरिस-मिलानचे वसंताचे शो आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात आणि कपडे दुकानांत येतात साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून. तिकडचा वसंत म्हणजे आपला डिसेंबर. आपल्याकडे फाल्गुनात सकाळी स्कूटरवर बोटं गारठतात आणि दुपारी दोनला पारा पस्तिशीत. होळी झाली की सकाळचीही थंडी संपली. तो स्वेटर मी आठ महिन्यांत सात वेळा घातला, त्यातले चार ऑफिसच्या एसीकृपेनं. म्हणजे एका वेळेला तेराशे रुपये पडले. जुलैत कपाटातून काढला तर कोपराजवळ दोन बारीक भोकं: कसर लागली होती. रविवार पेठेतल्या रफूवाल्यानं ती अशी बुजवली की आता मलाच शोधावी लागतात. लोकरीत काही खोट नाही, पण पुण्यात वसंतासाठी म्हणून स्वेटर घेऊ नका.

शर्टाबद्दल मात्र मी तासभर बोलू शकते.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो. आपल्याकडे विदर्भात ते बियांसाठी लावतात. धाग्याचं पीक मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीला, गार दमट हवेत येतं. हा धागा ताठ, लवचिकपणा नावालाच. म्हणून एकदा चुरगळला की आपणहून सरळ होत नाही. पण त्याच ताठपणामुळे कापड अंगाला चिकटत नाही, आणि घाम टिपून पटकन वाळतं. एप्रिलच्या दुपारी सुती कुर्ता पाठीला चिकटलेला असताना हा शर्ट अंगापासून सुटा राहतो. लक्ष्मी रोडवर लिनन मागितलं की जाणता दुकानदार आधी ‘किती ली?’ विचारतो. ली हे सुताच्या बारीकपणाचं माप: एका पौंडात ३०० यार्डांच्या किती लडी बसतात ते. ४० ली जाडसर, शर्टाला ६० ली बरं. मी कोरेगाव पार्कात हे विचारलं तेव्हा विक्रेत्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी किराणा सामानाचा भाव काढते आहे.

आता चुरगळण्याचं. मी कोथरूडहून वनाझला स्कूटर लावते आणि मेट्रोनं कल्याणीनगरला जाते. स्कूटरवर सनकोट, डोक्या-तोंडाला स्कार्फ, हातमोजे, म्हणजे नऊ हजारांच्या शर्टावर तीनशेचं सुती चिलखत. वनाझला सनकोट काढला की आतून जे निघतं त्याला मिनिमलिझम म्हणायला मोठी श्रद्धा लागते. पहिला महिना मी ऑफिसात पोचल्यावर बाथरूममध्ये ओल्या हातांनी शर्ट ओढत बसायचे. मग आमचा इस्त्रीवाला म्हणाला, “मॅडम, हे कापड वाळवून नका देत जाऊ, ओलसरच द्या.” तेव्हापासून अर्धवट वाळलेला शर्ट पिशवीतून नेऊन देते. कडक घडीऐवजी आता एक मऊ पोत येतो, आणि त्यावर पडलेल्या सुरकुत्या आजारी वाटत नाहीत. एरवीच्या दहाऐवजी तो वीस रुपये घेतो. शर्ट आतापर्यंत ६१ वेळा घातला. इस्त्री धरून एका वेळेला १६६ रुपये. मला परवडला.

पँट हे दुःखाचं प्रकरण. लेबलवर तीस अंशांच्या पाण्यात धुवा असं चिन्ह होतं. मी तसंच धुतलं आणि ती दीड इंच आखडली. घोटा उघडा पडला, तोही मुद्दाम उघडा ठेवल्यासारखा नाही, उंची वाढलेल्या शाळकरी मुलीसारखा. दुकानात गेले तर उत्तर आलं, “लिनन ड्रायक्लीनच करायचं असतं मॅम.” लेबल दाखवलं तर म्हणे ते कंपनीनं छापलेलं असतं. मग ते काय मी छापायचं होतं?

शेवटी दोन्ही कपडे घेऊन सदाशिव पेठेतल्या आमच्या मास्तरांकडे गेले. त्यांनी शर्ट हातात घेतल्याबरोबर उलटा केला, बाहेरून पाहिलाच नाही. आतल्या शिवणी दुमडून बंद केलेल्या, एक सूत बाहेर नाही. काजं दाट, बटणं खऱ्या शिंपल्याची. गालाला लावून पाहा म्हणाले, गार लागतात. मुंढा मात्र अर्धा इंच उतरलेला होता, तो त्यांनी उचलून दिला, आणि त्या एका दुरुस्तीनं शर्ट ‘ढगळ’वरून ‘माझा’ झाला. मग पँट उलटी केली. “ताई, हिच्यात मायाच नाही.” माया म्हणजे शिवणीत आत राखलेलं जादा कापड. ते खाली जेमतेम पाव इंच, कमरेला नुसती ओव्हरलॉकची, म्हणजे कड गुंफणारी, शिवण. जास्त पैसे मी कमी शिवणीला दिले होते. साध्या कपड्याची ही एक गंमत आहे: जर, नक्षी, भरतकाम नसलं की शिवणीला लपायला जागा उरत नाही. फक्त ती पाहायची असते आतून, आणि मी आरशात पाहत बसले होते.

सोडायला माया नाही म्हटल्यावर मास्तरांनी चिंध्यांचा डबा उपसला. कुणाच्या तरी ब्लाउजमधून उरलेली गुलबक्षी खणाची पट्टी निघाली. ती त्यांनी पँटच्या टोकाला आतून लावली आणि होतं तेवढं सगळं कापड खाली सोडलं. उभी असताना काही दिसत नाही. पायावर पाय टाकून बसले की बोटभर गुलबक्षी रंग आणि त्यातली बारीक बुट्टी डोकावते. ऑफिसात त्या पट्टीबद्दल मला जितक्या जणींनी विचारलं, तितकं त्या तीन महागड्या कपड्यांबद्दल मिळून कुणी विचारलेलं नाही.

रंगांचंही असंच झालं. ओटमील, टोप, एक्रू ही नावं वाचून मी भारावले होते. गुढीपाडव्याला शर्ट-पँट दोन्ही एकत्र घातली, तर सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला: “अगं, बरं नाही का तुला?” माझ्या गव्हाळ रंगावर तो मातकटपणा खरंच आजारी दिसतो. आणि आपल्याकडे या फिकट घराण्यालाही किती चांगली नावं आहेत: मोतिया, श्रीखंडी, केतकी. त्यांच्या शेजारी आमसुली किंवा अंजिरी काहीतरी आलं की चेहऱ्यात जीव येतो. आता शर्टावर आईची जुनी आमसुली ओढणी असते, नाहीतर ती खणाची पट्टी. दोन्ही एकदम नाही, एवढं मिनिमल मी पाळते.

पावसाळ्याचं थोडक्यात. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि मोतिया रंगाचे हाल झाले. आमच्याकडे वापराचं पाणी बोअरचं, जड. त्यानं शर्ट करडा दिसायला लागला. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातल्यापासून बरा आहे. काखेतला पिवळेपणा ब्लीचनं घालवायला जाऊ नका, तो वाढतो.

चपलांवर मी काहीच खर्च केला नव्हता, कारण कोल्हापुरी होती. जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं २०२६ च्या वसंतासाठीच्या शोमध्ये हुबेहूब तशाच चपला चालवल्या, आरडाओरड झाल्यावर प्रेरणा कोल्हापुरीची हे कबूलही केलं. माझी जोडी दारातल्या स्टँडवर होती, पावसाळ्यामुळे वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्या आठवड्यात मी ती काढून उगाच तेल लावलं.

कुणी विचारलं तर शर्ट घ्या म्हणेन, पण आतून पाहून आणि शिंप्याचे दोन-तीनशे वेगळे धरून. पँट त्या किमतीत अजिबात नको. मी गेल्या आठवड्यात नव्या पँटसाठी लक्ष्मी रोडवरून ६० लीचं सव्वादोन मीटर आमसुली लिनन घेतलं, १,२५० रुपये मीटर. दोनदा पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं आणि मास्तरांना दिलं. शिलाई धरून सगळं ३,७०० च्या आसपास जाईल. खाली तीन इंच माया ठेवा असं बजावलं, तर म्हणाले, “मग पट्टीची गरज नाही ना आता?”

मी पर्समधून आईच्या हिरव्या खणाचा तुकडा काढून त्यांच्या मशीनवर ठेवला.