शेल्टरमधला शिह त्झू आणि माझे 13,650

रक्कम आधीच सांगते: 13,650 रुपये, शिह त्झू जातीचं कुत्र्याचं पिल्लू दत्तक देतो म्हणणाऱ्या भामट्यांना दिलेले. लाज वाटते, तरी लिहितेय, कारण त्याच पिल्लाचा तोच फोटो परवा दुसऱ्या नावाने फिरताना दिसला.

जाहिरात अशी: ‘शेल्टरमधला शिह त्झू, मालक परदेशी गेले, दत्तक मोफत.’ पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणीचे 1,500. मग क्रेटचं, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याचं, डिपॉझिट 4,800, ‘पिल्लू पोचलं की लगेच परत’. मग गाडी म्हणे अर्ध्या वाटेत अडकली, प्रवास-विमा 7,350. ‘नाही भरलेत तर रात्रभर क्रेटमध्येच राहील, मॅडम.’ भरले. माझा पग तेरा वर्षांचा होऊन महिन्यापूर्वीच गेला होता, घर खायला उठत होतं. तुम्ही काय केलं असतंत ते मला सांगू नका.

पण ते लसीचं कार्ड! पिल्लू दोन महिन्यांचं, आणि रेबीजची लस तीन आठवड्यांपूर्वीच टोचलेली. ती साधारण तीन महिन्यांच्या आधी देत नाहीत, हे मला माहीत होतं. तेरा वर्षं कुत्रा पाळलाय मी! बाटलीवरचं स्टिकर नाही, डॉक्टरांची सही नाही, नुसते पेनाने भरलेले रकाने. दिसलं, खटकलं, आणि मी पुढचा फोटो उघडला, कारण त्यात तो जीभ बाहेर काढून बघत होता.

आधी एका खऱ्या शेल्टरने घरी कोण असतं, दिवसभर कुत्रा एकटा राहील का, असं खोदून खोदून विचारलं, तेव्हा मलाच राग आला होता. इथे एक प्रश्न नाही. म्हटलं, किती भले लोक! चौकशी न करता कुत्रा देणाऱ्यापासून लांब राहा. व्हिडिओ कॉल मागितला की ज्याचं नेटवर्क जातं, त्याच्यापासूनही. कुत्रा समोर बघितल्याशिवाय एक पैसा नाही, डिपॉझिट तर नाहीच.

ठाण्यात हवालदार म्हणाला, ‘कुत्र्यासाठी?’ आणि शेजारच्याला बोलावून मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. सायबर शाखा म्हणते ठाण्यात जा, ठाणं म्हणतं ऑनलाइन आहे, सायबरला जा. चार फेऱ्या! दोन मोबाइल नंबर, तीन खाती, सगळे स्क्रीनशॉट छापून नेले, तर म्हणाले, पंच करून, म्हणजे फाइलसाठी भोकं पाडून आणा. बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार आपण स्वतः मंजूर केला आहे. हो, केलाय! दार मी उघडलं म्हणून चोर मोकळा?

काल त्याच नंबरवरून मेसेज आला: ‘डिपॉझिट परत हवं असेल तर प्रोसेसिंगचे 900 भरा.’ छापून, पंच करून ठेवलाय. पाचव्या फेरीसाठी.