कबऱ्या पानांचा हॉर्स चेस्टनट: बावीस महिन्यांचा अनुभव

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात इंग्लंडात लेस्टरच्या आमच्या घरामागे 'विसेलिंक' लावला. हॉर्स चेस्टनट या इथल्या मोठ्या झाडाची ही पांढऱ्या-हिरव्या पानांची जात. साडेचार फुटांचं कलम, दहा लिटरची कुंडी, किंमत 85 पौंड. घेताना मी त्याचा एप्रिलमधला फोटो तेवढा बघितला होता. ऑगस्टमधला बघितला असता तर घेतलं असतं का, हे शेवटी सांगते.

एप्रिलबद्दल मात्र एक शब्दही वाईट बोलणार नाही. फेब्रुवारीपासून फांद्यांवरचे डोळे फुगायला लागतात, तपकिरी आणि चिकट. बोट लावलं की गुळाच्या पाकासारखं चिकटतं. मग एखाद्या आठवड्यात ते उकलतात आणि आतून पिळून ठेवलेल्या ओल्या रुमालासारखी पानं खाली लोंबतात. साध्या हॉर्स चेस्टनटची ती पोपटी असतात. याची जवळजवळ सायीच्या रंगाची, फक्त शिरा हिरव्या. दोन-तीन दिवसांत पान ताठ होतं, पाच-सात बोटांचा पंजा पसरतो, आणि ढगाळ संध्याकाळी अख्खं झाड दिवा लावल्यासारखं दिसतं. शेजारच्या आजी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, याला काही रोग तर नाही ना झाला?

हे रूप साधारण सहा आठवडे टिकतं. पुढे पानात हिरवा रंग चढत जातो आणि जूनच्या शेवटी ते पांढऱ्या शिंतोड्यांचं हिरवं पान होतं. तेही छानच, पण फोटोतलं नव्हे.

पहिल्या जूनमध्ये बुडातून एक जोरदार फुटवा आला. तीन आठवड्यांत हातभर वाढला, पानं रुंद आणि गडद. वरचं सगळं झाड मिळून वीतभरही वाढलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, अखेर जीव धरला! कौतुकाने बाबांना देवगडला फोटो पाठवला. त्यांनी आयुष्यभर हापूसची कलमं बांधलीत. पाच मिनिटांत फोन.

"अगो, तो खुंट आहे. रायवळ. आधी काढ तो."

"पण किती छान वाढलाय, बाबा."

"वाढणारच. वरचं उपाशी ठेवून वाढतोय. आणि कात्रीने कापू नको, कापलास की दोन येतील. माती उकर आणि बुडातून उपटून काढ."

उकरल्यावर दिसलं की फुटवा कलमाच्या जोडाच्या चार बोटं खालून आला होता. कबऱ्या जातीचं बी रुजवून तशीच पानं येतील याचा भरवसा नसतो, म्हणून साध्या हॉर्स चेस्टनटच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळासकट रोपावर, कलम करतात. खुंट अंगाने दांडगा. आणि वरच्याची अडचण अशी की पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे तेवढ्या भागात अन्न तयार होत नाही. पान जितकं देखणं तितकं झाड अशक्त. बावीस महिन्यांत माझं झाड जेमतेम 30 सेंटिमीटरने वाढलंय. दुसऱ्या वर्षी तर जोडाच्या वरच एक फांदी पूर्ण हिरवी निघाली. ती खुंटाची नव्हे, कबरेपणा सोडून मूळ स्वभावावर गेलेली. तीही जिथून फुटली तिथूनच काढावी लागते, नाहीतर हळूहळू सगळं झाड तिच्याच ताब्यात जातं. महिन्यातून एकदा कॉफीचा कप घेऊन झाडाभोवती फिरायचं आणि फाजील हिरवं शोधायचं, हे या झाडाचं खरं काम. बाकी झाडांना आपण हिरवी व्हा म्हणतो, इथे उलटा कारभार.

नर्सरीच्या चिठ्ठीवर 'भरपूर ऊन' लिहिलं होतं. या जातीसाठी ते चूक आहे, माझ्या बागेत तरी नक्कीच. पहिल्या जूनच्या अखेरीस चार दिवस कडक ऊन आणि कोरडा वारा आला, आणि पानांच्या पांढऱ्या कडा पापडासारख्या करपल्या. इंग्लंडचं ऊन ते काय, असं आपण म्हणतो, पण या पानांना तेवढंही पुरलं. नशिबाने मी ते अशा जागी लावलंय जिथे दुपारी दोननंतर शेजारच्या बर्च झाडाची विरळ सावली येते. त्या बाजूच्या पानांना काहीच झालं नाही. दाट सावलीतही चालणार नाही, झाड आधीच उपाशी. सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा. एप्रिल-मेमध्ये उशिरा पडणाऱ्या दवाच्या बर्फानेही कोवळी पानं काळी पडतात, तेव्हा रात्री वरून फ्लीसचं कापड टाकते.

आमची जमीन चिकणमातीची, हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. खड्डा खोल न करता रुंद केला, जोड मातीच्या वर ठेवला, आणि आळ्यात सालींच्या भुग्याचं आच्छादन घातलं, खोडाला न चिकटवता. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. खत फक्त वसंतात, मूठभर.

आता नागअळी. आपल्याकडे लिंबाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा ओढते तिच्याच तऱ्हेची, पण ही हॉर्स चेस्टनटची. मॅसेडोनियातल्या ओह्रिड सरोवराकाठी ती प्रथम सापडली आणि 2002 मध्ये लंडनच्या विंबल्डन भागात पोचली. आता ऑगस्टमध्ये इथला कुठलाही हॉर्स चेस्टनट बघा, दोन महिने आधीच पानगळ आल्यासारखा तपकिरी. माझ्या झाडावर या जुलैत दिसली. पान उजेडासमोर धरलं की दोन शिरांच्या मधे फोडासारखा पट्टा दिसतो, आणि त्याच्या पातळ कातडीखाली भाताच्या तुकड्याएवढी अळी वळवळते. झाड याने मरत नाही, पण कुरूप होतं, आणि एवढे पैसे आपण रूपासाठीच मोजलेले असतात. तिचे कोश गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून शरद ऋतूत एकूण एक पान गोळा करून टाकायचं. मी केलं होतं. पण रस्त्यापलीकडच्या मोठ्या झाडाची पानं कोण गोळा करणार?

दुसरा धोका खोडातून गंजासारखा चीक गळण्याचा रोग. माझ्याकडे अजून आलेला नाही, पण इथल्या झाडांत तो बराच आहे. गंमत म्हणजे त्याचा जिवाणू प्रथम ओळखला गेला तो भारतात, हिमालयातल्या हॉर्स चेस्टनटच्या पानांवर. त्या झाडाला उत्तराखंडात 'पांगर' म्हणतात. हे ऐकल्यापासून बाबा माझ्या झाडाला 'तुझा पांगारा' म्हणतात. नात्याचा संबंध काही नाही, कोकणातला पांगारा शेंगांच्या कुळातला. पण त्याच्या शास्त्रीय नावातच 'व्हेरिगाटा' आहे, म्हणजे कबरा, त्यामुळे मी वाद घालत नाही.

फुलं, फळं अजून नाहीत आणि काही वर्षं येणार नाहीत. 'कॉन्कर', म्हणजे या झाडाच्या बिया, हव्यात म्हणून लेक हट्ट धरतो, तर त्याला शाळेजवळच्या साध्या झाडाखाली घेऊन जाते. काटेरी सालीतून निघालेली ती चकचकीत तपकिरी बी बघितली की मला सागरगोटे आठवतात. भोक पाडून दोरीला बांधायची आणि दुसऱ्याच्या कॉन्करवर हाणायची, हा इथला खेळ. खायची मात्र नाही, विषारी असते. नाताळात भाजून विकतात ते चेस्टनट वेगळ्याच झाडाचे.

तर ऑगस्टमधला फोटो बघूनही घेतलं असतं का? घेतलं असतं, पण 85 पौंडांना नाही. पाचपैकी तीन, एप्रिलपुरते पाच. घराला लागून वीस फुटांची बाग असेल तर विचारच करू नका. हळू वाढलं तरी जात मोठ्या झाडाची आहे. कमी जागेत रंगीत पानंच हवी असतील तर 'एरिथ्रोब्लास्टोस' बघा, त्याची कोवळी पानं कोळंबीच्या गुलाबी रंगाची येतात आणि झाड आटोपशीर राहतं. 'विसेलिंक'च घ्यायचा तर मेमध्ये, पानांवर असताना, स्वतः नर्सरीत जाऊन निवडा. जोडाखाली फुटवे काढल्याच्या खुणा किती आहेत ते मोजा. माझ्या झाडाच्या आतापर्यंत तीन झाल्या होत्या. या शनिवारी चौथा काढला.