ड्रॅगनबॉर्न खेळायचा ठरलंय, पण कुठल्या पुस्तकातला?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या टेबलावर नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची गोष्ट, सुरू होतंय आणि तुमच्या मनात ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या वंशाचं कॅरॅक्टर, पक्का आहे. मग निवड प्रामुख्याने तिघांत आहे: 2014च्या प्लेअर्स हँडबुकमधला, 2021च्या 'फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स'मधला आणि 2024च्या नव्या प्लेअर्स हँडबुकमधला. बहुतेक जण थेट फाशांच्या हिशोबाला लागतात. मी मात्र आधी दुसराच प्रश्न विचारते: तुमचा ड्रॅगनबॉर्न खऱ्या ड्रॅगनकडे कसा बघतो? कारण त्याचं उत्तर खेळातल्या काल्पनिक जगागणिक पार उलटं आहे.

2008च्या चौथ्या आवृत्तीत अर्खोशिया नावाचं ड्रॅगनबॉर्नांचं साम्राज्य होतं. टीफ्लिंग या सैतानी रक्ताच्या वंशाच्या बाएल तुराथ साम्राज्याशी त्याचं युद्ध झालं आणि त्यात दोन्ही साम्राज्यं धुळीला मिळाली. त्या जगातला ड्रॅगनबॉर्न हरवलेल्या वैभवाचा वारस आहे, ड्रॅगनचं रक्त हा त्याचा अभिमान. फर्गॉटन रेल्म्स या खेळातल्या दुसऱ्या जगात नेमकं उलटं. तिथले ड्रॅगनबॉर्न अबेर या जगात ड्रॅगनांचे गुलाम होते. बंड करून ते स्वतंत्र झाले आणि पुढे स्पेलप्लेग या जादूच्या महासंकटाच्या उलथापालथीत त्यांची भूमीच उचलली जाऊन उन्थर देशाच्या जागी येऊन बसली. तेच टिमँथर. तिथल्या योद्ध्याला कुणी कौतुकाने 'ड्रॅगनचा वंशज' म्हटलं तर ती त्याला शिवीच वाटेल. 2024चं पुस्तक यापेक्षा सौम्य आहे: पूर्वज ड्रॅगनांच्या अंड्यांतून जन्मले आणि एका कथेनुसार त्या अंड्यांना बहामुत आणि टियामाट या देवतांचा आशीर्वाद होता. एक्झांड्रिया या आणखी एका जगातल्या वाइल्डमाउंट खंडात तर जातीतच उभी फूट आहे. शेपूटवाल्या ड्रॅकनब्लडांनी बिनशेपटीच्या रॅव्हेनाइटांना गुलाम केलं होतं.

संस्कृतीचा खरा खजिना मात्र 2014च्या पुस्तकात आहे. नियम नवे घेतलेत तरी ती पानं वाचाच. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू काही तासांत चालतं, तिसऱ्या वर्षी माणसाच्या दहा वर्षांच्या मुलाएवढं होतं, पंधराव्या वर्षी प्रौढ. आयुष्य साधारण 80 वर्षांचं. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वजन 300 पाउंड किंवा जास्त, म्हणजे 136 किलोच्या वर. हातापायांना नख्या असतात, पंख आणि शेपूट नसते. या शरीराचा समाजाशी थेट संबंध आहे असं मला वाटतं. बालपण इतकं आखूड असेल तर माणूस घडवायचं काम घराण्यालाच झटपट करावं लागणार. म्हणून घराणं प्राणांहून मोठं, देवांपेक्षाही वर, आणि घराण्याला कलंक लावला तर हाकलून दिलं जाऊ शकतं. नाव सांगतानाही घराणं आधी, स्वतःचं नाव नंतर, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. शिवाय एकाच वेळी अंड्यातून निघालेली भावंडं एकमेकांना बालपणीच्या टोपणनावाने हाक मारतात. तुमच्या कॅरॅक्टरचं हे नाव ठरवाच. टेबलावर जिवाभावाचा एक प्रसंग त्यातून हमखास निघतो.

आता ब्रेथ वेपन, म्हणजे तोंडातून सोडायचा आग किंवा थंडीसारखा मारा. 2014मध्ये ते वापरायला पूर्ण ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) लागते, मिळतं दर विश्रांतीमागे एकदा, आणि नुकसान सहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी 7. पाचव्या लेव्हलला फायटर दोनदा वार करू लागतो तेव्हा या 7साठी दोन्ही वार सोडायचे, हा तोट्याचा सौदा आहे. मी असं कॅरॅक्टर खेळले आहे आणि शेवटी शेवटी ब्रेथ वेपन आठवतही नसे. 2021पासून हे दुखणं गेलं. एका वाराच्या जागी ब्रेथ वेपन वापरता येतं, दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) दरम्यान प्रोफिशिएन्सी बोनसइतक्या (लेव्हलसोबत वाढणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा, आणि पाचव्या लेव्हलला दहा बाजूंचे दोन फासे, सरासरी 11. नुसत्या नियमांसाठी 2014चा घेऊ नका. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, जुन्याच पुस्तकावर अडून असेल तर गोष्ट वेगळी. तशा वेळी निदान पॅलाडिन (धर्मयोद्धा) निवडा, स्ट्रेंथला 2 आणि करिश्माला 1 मिळतो, तो तिथे कामी येतो.

उरले 2021 आणि 2024. 2021मध्ये तीन कुळं आहेत: क्रोमॅटिक (रंगीत ड्रॅगनांचं), मेटॅलिक (धातूच्या रंगांच्या ड्रॅगनांचं) आणि जेम (रत्नांच्या ड्रॅगनांचं). क्रोमॅटिकचा मारा 30 फुटांच्या सरळ रेषेत, आणि पाचव्या लेव्हलपासून आपल्या प्रकारच्या नुकसानापासून मिनिटभर पूर्ण संरक्षण. मेटॅलिकचा मारा 15 फुटांच्या शंकूत. पाचव्या लेव्हलला त्याला दुसरा श्वास मिळतो, ज्याने शत्रूला हतबल करता येतं किंवा 20 फूट ढकलून आडवं पाडता येतं. कड्याच्या टोकावर चाललेल्या लढाईत याला तोड नाही. जेम कुळाला पहिल्या लेव्हलपासून 30 फुटांपर्यंत मनाने बोलता येतं आणि पाचव्या लेव्हलला मिनिटभर उडता येतं, हवेत स्थिर राहून. 2024वाला रेष की शंकू हे दर वेळी निवडतो, त्याला अंधारात 60 फूट दिसतं, आणि पाचव्या लेव्हलला त्याचे भासमय पंख 10 मिनिटं टिकतात. पूर्वज ड्रॅगनचा रंग नुकसानाचा प्रकार ठरवतो: सोनेरी आणि लाल आग, चंदेरी आणि पांढरा थंडी, हिरवा विष.

पहिल्यांदाच खेळणाऱ्या बार्बेरियनला मी 2024वाला देईन. ब्रेथ वेपनपासून वाचायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, म्हणजे डीसी, कॉन्स्टिट्यूशनवर (शरीराच्या काटकपणावर) ठरते आणि ते बार्बेरियनकडे भरपूर असतं. शिवाय हा मंत्र नाही, म्हणून रेजमध्येही (बार्बेरियनच्या संतापाच्या अवस्थेत, जेव्हा मंत्र टाकता येत नाहीत) चालतो. आघाडीवर उभं राहून मैदान ताब्यात ठेवायचं असेल तर मेटॅलिक. हेर किंवा वाटाघाटी करणारं कॅरॅक्टर असेल तर जेम, मन लावून.

फक्त कॅम्पेन किती लेव्हलपर्यंत जाणार हे डीएमला आधीच विचारा. चौथ्यावर संपणार असेल तर पंख, संरक्षण, दुसरा श्वास यांतलं काहीच हाती लागणार नाही. मग क्रोमॅटिक आणि मेटॅलिक मागे पडतात, आणि प्रश्न इतकाच उरतो: तुम्हाला अंधारात दिसायला हवंय की न बोलता बोलायला.