स्पॅनिश क्रियापदांचा देवनागरी तक्ता: सात महिने वापरल्यावर

सातव्या महिन्यात मधल्या घडीवरचं लॅमिनेशन सुटलं आणि साध्या भूतकाळाची अख्खी ओळ पुसट झाली, म्हणून हे लिहायला घेतलं. तक्ता बहुतेकांना माहीत आहे. पुढच्या बाजूला आब्लार (बोलणे), मागे कोमेर (खाणे) आणि बिबिर (जगणे, राहणे), प्रत्येक रूप आधी रोमनमध्ये आणि त्याखाली देवनागरीत उच्चार. किंमत दीडशे रुपये. कागद बरा, छपाई बरी, घडी कच्ची. घडीचं काय, सेलोटेप लावून भागतं. पण या तक्त्यात एक चूक अशी आहे की ती स्वतःच्या हातानं दुरुस्त केल्याशिवाय यावरून एकही रूप पाठ करू नये.

देवनागरीच्या ओळीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठेच दाखवलेला नाही.

वर्तमानकाळ, प्रथमपुरुष, एकवचन या घरात लिहिलंय 'आब्लो'. साधा भूतकाळ, तृतीयपुरुष, एकवचन या घरातही 'आब्लो'. पहिल्याचा अर्थ 'मी बोलतो', दुसऱ्याचा 'तो बोलला'. काळ बदलला, माणूस बदलला आणि छापलेलं अक्षर तेच राहिलं. फरक आहे तो फक्त जोराचा: पहिल्यात 'आ'वर, दुसऱ्यात 'लो'वर. रोमन ओळीत दुसऱ्या रूपाच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ आहे खरी, पण टाईप इतका बारीक आहे की ती रेघ स्वराच्या डोक्याला चिकटलीय. ट्यूबलाइटखाली धरलं की लॅमिनेशनच्या चकाकीत तीही दिसत नाही.

इथून पुढे गरज असेल तिथे जोर असलेल्या स्वरापुढे अवग्रह टाकतो, म्हणजे आऽब्लो आणि आब्लोऽ. तक्त्यात एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

ही एकच जोडी असती तर सोडून दिली असती. आब्लारच्या साध्या काळांत अशा आठ जोड्या आहेत. आऽब्लो आणि आब्लोऽ झाली. दुसरी आऽब्ले (मी किंवा त्यानं बोलावं) आणि आब्लेऽ (मी बोललो). मग येतात तीन जोड्या, जिथे एका बाजूला विध्यर्थाच्या भूतकाळातलं रूप आहे आणि दुसऱ्या बाजूला भविष्यकाळ: आब्लाऽरा आणि आब्लाराऽ, आब्लाऽरास आणि आब्लाराऽस, आब्लाऽरान आणि आब्लाराऽन. 'तू बोलतास तर' अशा शक्यतेच्या वाक्यात जे रूप लागतं ते, आणि 'तू बोलशील' हे खात्रीचं वाक्य, दोन्ही तक्त्यात 'आब्लारास'. उरलेल्या तीन जोड्या विध्यर्थाच्या भविष्यकाळामुळे तयार होतात: आब्लाऽरे आणि आब्लारेऽ, आब्लाऽरेमोस आणि आब्लारेऽमोस, आब्लाऽरेइस आणि आब्लारेऽइस. तो भविष्यकाळ आज कायद्याच्या भाषेत आणि जुन्या म्हणींतच उरलाय, त्यामुळे शेवटच्या तीन जोड्यांसाठी झोप उडवायची गरज नाही. पहिल्या पाच मात्र रोजच्या बोलण्यातल्या आहेत.

आणखी एक गोष्ट तक्ता उलटून बघितल्यावरच कळते. मागच्या बाजूच्या कोमेर आणि बिबिरमध्ये ही गल्लत होतच नाही. तिथे 'मी खातो' हे कोमो आणि 'त्यानं खाल्लं' हे कोमिओ, प्रत्ययच वेगळा. 'तो खाता तर'साठी कोमिएरा आणि 'खाईल'साठी कोमेरा, डोळ्यालाच फरक दिसतो. म्हणजे आघात गाळल्याचा सगळा फटका 'आर'वाल्या गटाला बसतो. नेमका हाच गट सर्वांत मोठा आहे, आणि स्पॅनिशमध्ये नवं क्रियापद आलं की ते जवळपास नेहमी याच गटात जातं. चॅट करण्याचं चातेआर झालं तेही इथेच.

मराठी माणसाला ही चूक जास्त महागात पडते, कारण आपल्याकडे जोर सरकला म्हणून क्रियापदाचा काळ बदलत नाही. आपला कान प्रत्ययावर असतो: तो, ला, शील, ईल. दोन घरांत एकच अक्षर दिसलं की आपण ते एकाच चालीत म्हणतो, आणि तशीच सवय लागते. ती सुटायला महिने जातात. प्रकाशकाला दोनदा कळवलं. उत्तर आलं की देवनागरी उच्चार केवळ अंदाजासाठी दिले आहेत. हे पटत नाही. मुखपृष्ठावर 'अचूक उच्चारांसह' असं छापलंय, आणि जोर हा उच्चाराचाच भाग आहे.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. लाल परमनंट मार्कर घ्यायचा, बारीक टोकाचा. सीडीवर लिहायचा चालतो. व्हाइटबोर्डचा नको, बोटानं पुसला जातो. चुकलं तर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसता येतं. खुणा प्रत्येक घरात करायच्या नाहीत. स्पॅनिशचा नियम असा: शब्दाचा शेवट स्वर, 'न' किंवा 'स'नं होत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारलेला शब्दाचा तुकडा), बाकी व्यंजन असेल तर शेवटच्यावर. जे रूप हा नियम मोडतं तिथेच रेघ द्यायची. 'ईआ'सारखे दोन स्वर सुटे म्हणायचे असतील तर 'ई'वरही. आब्लारच्या साध्या काळांत अशी 19 घरं आहेत: वर्तमानात एक, अपूर्ण भूतात एक, साध्या भूतात दोन, भविष्यात पाच, संकेतार्थात सहाच्या सहा, विध्यर्थाच्या वर्तमानात एक, त्याच्या भूतकाळात 'रा' आणि 'से' या दोन पर्यायी ओळी मिळून दोन, आणि त्या मेलेल्या भविष्यात एक. 19 खुणा मोजून झाल्या की थांबायचं. विसावी झाली असेल तर कुठेतरी चुकलंय.

खुणा केल्यावर जे दिसतं ते फार समाधान देणारं आहे. भविष्यकाळात जोर सगळीकडे 'र'च्या नंतर येतो, विध्यर्थाच्या भूतकाळात सगळीकडे 'र'च्या आधी. याला कारण आहे. भविष्यकाळ म्हणजे मुळात अख्खा आब्लार आणि त्याला चिकटलेलं आबेर या साहाय्यक क्रियापदाचं वर्तमान: ए, आस, आ, एमोस, आन. आपण 'बोलायचं आहे' म्हणतो तशीच घडण, फक्त तिकडे 'आहे' मूळ क्रियापदाला चिकटून एकच शब्द झाला आणि जोर त्या 'आहे'वरच राहिला. म्हणून नियमित क्रियापदांचा हा काळ पाठ करायला काहीच लागत नाही: मूळ रूप पूर्ण ठेवा आणि शेपूट लावा. संकेतार्थ आब्लारीऽआ हाही तसाच, शेपूट भूतकाळाचं. उलट विध्यर्थाचा भूतकाळ साध्या भूताच्या 'ते बोलले' या रूपातून येतो: आब्लारोन घ्या, 'रोन' काढा, 'रा' लावा. ही रीत नियमित क्रियापदांनाच नाही, अनियमितांनाही तशीच लागू पडते. तक्त्यात हे एका ओळीत सांगता आलं असतं. सांगितलेलं नाही.

आता मत बदललं ते कुठे, तेही लिहायला हवं. पहिले तीन महिने वाटत होतं की देवनागरी ओळ काढून टाकली असती तर बरं. मग शेवटच्या पट्टीतली तोकार (स्पर्श करणे, वाजवणे), पागार (पैसे देणे), क्रूसार (ओलांडणे) ही क्रियापदं हाताशी आली. रोमन लिपीत 'मी पैसे दिले' लिहिताना मध्येच एक जादा अक्षर येतं, तोकारमध्ये 'सी' जाऊन 'क्यू' येतो, क्रूसारमध्ये 'झेड'चा 'सी' होतो. शिकणाऱ्याला वाटतं क्रियापद अनियमित आहे. देवनागरीत बघा: तोको, तोकेऽ. पागो, पागेऽ. क्रूसो, क्रूसेऽ. काहीच बदललं नाही! ध्वनी तोच टिकवण्यासाठी रोमनला अक्षरं बदलावी लागतात, आपल्या लिपीत क हा क आणि ग हा ग. ही पट्टी रोमनकडे न बघता आधी देवनागरीत वाचावी. इंग्रजीतल्या तक्त्यांमध्ये ही सोय मिळणार नाही. त, द हे दंत्य वर्णही आपल्याकडे जसेच्या तसे आहेत. फक्त 'विविर' छापलंय ते 'बिबिर' करून घ्या. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' यांचा उच्चार एकच.

मराठी अर्थांच्या रकान्यात मात्र आळस झालाय. आब्लाबाचा अर्थ दिलाय 'बोलत होतो'. तो अर्धाच आहे. 'लहानपणी आम्ही आजीशी रोज बोलायचो' यातलं 'बोलायचो' हेही आब्लाबामोसच. आपल्याकडे 'बोललो' आणि 'बोलायचो' हा भेद आयता आहे, तो दिला असता तर साधा भूत की अपूर्ण भूत हा घोळ निम्मा मिटला असता. विध्यर्थाच्या वर्तमानासमोर 'कदाचित बोलेल' लिहिलंय, ते खोडून 'बोलावं' लिहा. किएरो के आऽब्ले म्हणजे 'त्यानं बोलावं असं मला वाटतं'. 'आवं' लावून मराठी वाक्य होत असेल तर बहुतेक वेळा तिकडे विध्यर्थच लागतो. 'बोलू नकोस'लाही हेच अंग, नो आऽब्लेस. आज्ञार्थातल्या आऽब्लाच्या आधी नुसतं 'नो' लावून चालत नाही. आणि 'तू बोललास तर' हे मराठीतल्या भूतकाळावर जाऊन आब्लास्ते करू नका. पुढची गोष्ट असेल तर सी आऽब्लास, सरळ वर्तमान.

रकान्यांबद्दल थोडं. 'तू' हा शब्द दोन्ही भाषांत तोच, तिथे अडचण नाही. अडचण 'तुम्ही'ची आहे. एका वडीलधाऱ्या माणसाला आपण अनेकवचन लावतो, स्पॅनिशमधलं उस्तेद मात्र तृतीयपुरुषी एकवचन घेतं: उस्तेद आऽब्ला. मराठी विद्यार्थी एका सरांना आऽब्लान म्हणतो, तेव्हा सर दोन झालेले असतात. बोसोत्रोसचा, म्हणजे जवळच्या अनेकांसाठीच्या 'तुम्ही'चा, रकाना मुख्यतः स्पेनपुरता आहे. मेक्सिको, कोलंबिया, पेरूकडे त्या जागी उस्तेदेस चालतं. डेलेची (स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्यायची असेल तर तो रकाना ओळखता यावा. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी येणारं 'बोस' तक्त्यात नाहीच, ते असायला हवं होतं. तिथे आब्लाऽस म्हणतात, म्हणजे पुन्हा जोराचाच खेळ.

संयुक्त काळांची बाजू सोपी आहे. आबेरची रूपं आली की पुढे आब्लादो कायम. कायम म्हणजे खरोखर कायम. 'ती बोलली आहे' म्हणताना आपला हात 'आब्लादा'कडे जातो, कारण मराठीत बोलला, बोलली, बोलले असं लिंग-वचन चालतं. आबेरनंतर ते चालत नाही. एया आ आब्लादो, बस.

घडीबद्दल: चौथ्या महिन्यातच कड पांढरी पडायला लागते. तेव्हाच घडीवरून सरळ कापून दोन तुकडे करावेत आणि कापलेल्या कडांना दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप लावावी. फाटेपर्यंत थांबलात तर आत हवेतली ओल जाते आणि शाई फुटते, तीही नेमकी साध्या भूतकाळाच्या ओळीत. दुकानात बदलून देत नाहीत, महिना उलटला की हात वर करतात. दीडशेत दुसरा घेण्यापेक्षा याच तक्त्याला टेप आणि 19 लाल रेघा द्याव्यात.

एका घरापुढे मात्र रेघही काही करू शकत नाही. आब्लामोस म्हणजे 'आपण बोलतो' आणि आब्लामोस म्हणजेच 'आपण बोललो', जोरही तोच. बिबिमोसचंही तसंच, फक्त कोमेरमध्ये कोमेमोस आणि कोमिमोस वेगळे आहेत. या चार घरांत मार्करनं छोटं लिहून ठेवा: वर्तमानाच्या दोन घरांत आओरा, म्हणजे आत्ता; भूतकाळाच्या दोन घरांत आयेर, म्हणजे काल.