आफ्रिकेची बातमी कुणाकडून घ्यावी? बीबीसी, सीजीटीएन, अल जझीरा की तिथलीच वर्तमानपत्रं

मोझांबिकची तूर लातूरच्या बाजारात दर हलवते. आफ्रिकेतून आलेला कच्चा काजू कोकणातल्या कारखान्यांत फोडला जातो. मलावीचा हापूस ऐन थंडीत वाशीच्या मार्केटात उतरतो. आपल्या पेपरात मात्र आफ्रिका चार ओळींपुरती येते, तीही लष्करी बंड झालं किंवा बोट बुडाली तर. व्यापारासाठी, नोकरीसाठी किंवा नुसतं कुतूहल म्हणून तिकडची खबर नियमित ठेवायची असेल, तर बाहेरच्याच कुणाचा तरी आधार घ्यावा लागतो. तो कुणाचा, एवढाच इथे प्रश्न आहे.

पारख करायला एकच रेल्वे पुरेशी आहे. डिसेंबर 2024मध्ये बायडेन अंगोलात गेले. त्या देशात पाऊल ठेवणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. निमित्त होतं लोबिटो कॉरिडॉरचं. काँगोचं तांबं आणि कोबाल्ट रेल्वेनं अंगोलाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या लोबिटो बंदरात आणायचं आणि त्यासाठी अमेरिकेनं 55 कोटी डॉलरचं कर्ज द्यायचं, अशी ती योजना. पाश्चात्त्य माध्यमांचा सूर एकच होता, चीनला शह. पण लोबिटोपासून काँगोच्या सीमेपर्यंतचा सुमारे 1,300 किलोमीटरचा हा मार्ग यादवी युद्धात उद्ध्वस्त झाल्यावर 2014पर्यंत नव्यानं बांधला तो चिनी कंपनीनंच. ही माहिती त्या बातम्यांत असली तर तळाच्या परिच्छेदात. चिनी माध्यमांत तीच मथळ्यात येते, पण अंगोलानं चीनची कर्जं कशी तेल देऊन फेडली, याबद्दल तिथे चकार शब्द नसतो. दोन्हीकडच्या बातम्या शब्दशः खऱ्याच. आणि दोन्हीकडे अंगोलाचा माणूस पटावरच्या सोंगटीएवढाच.

पाश्चात्त्यांची ही खोड जुनी आहे. लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकानं मे 2000मध्ये मुखपृष्ठावर अख्ख्या आफ्रिकेला ‘आशा उरली नाही असा खंड’ ठरवलं आणि डिसेंबर 2011मध्ये त्याच खंडाची भरारी छापली. चोपन्न देशांना आधी एक विशेषण, मग दुसरं. कौतुकाचं झालं म्हणून ते कमी आळशी ठरत नाही.

तरीही बीबीसी यादीतून काढू नका. त्यांचं ‘आफ्रिका आय’ हे शोधपथक जे करतं, ते क्वचितच कुणाला जमतं. 2018मध्ये एक व्हिडिओ फिरत होता. त्यात सैनिक दोन बायका आणि दोन मुलांना गोळ्या घालतात. कॅमेरूनचं सरकार म्हणालं, हे आमच्याकडचं नाहीच, खोटी बातमी आहे. या पथकानं मागच्या डोंगराची कड उपग्रहाच्या चित्रांशी जुळवून गाव काढलं. एक इमारत कधी उभी राहिली आणि जमिनीवर सावल्या किती लांब पडल्या, त्यावरून 2015च्या मार्च-एप्रिलमधला पंधरवडा ठरवला. 2020मध्ये लष्करी न्यायालयानं चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा दिली. असं काम करायला पैसा लागतो, वेळ लागतो आणि त्या सरकारच्या हाताबाहेर बसावं लागतं. तिथल्या छोट्या संपादकाकडे यातलं तिसरं तर नसतंच.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ब्रिटिश सरकारनं दिलेल्या ज्या निधीतून 2017मध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली, त्यातूनच पिजिन (पश्चिम आफ्रिकेतली इंग्रजीवरून घडलेली बोली), योरुबा, इग्बो, अम्हारिक या आफ्रिकी भाषांतल्या सेवाही निघाल्या. म्हणजे नायजेरियातल्या लागोसचा पिजिन वाचक आणि नगरचा मराठी वाचक एकाच पंगतीतले. सरकारी पैशाची दुसरी बाजू व्हॉइस ऑफ अमेरिकेनं दाखवली. मार्च 2025मध्ये ट्रम्प यांच्या आदेशानं कर्मचारी घरी बसवले गेले आणि पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेतलं प्रसारणही थांबलं. मालीनं 2022मध्ये आणि नायजरनं 2023मध्ये आरएफआय हा रेडिओ आणि फ्रान्स 24 ही वाहिनी, ही फ्रान्सची सरकारी माध्यमं बंद केली ती उलट बाजूनं, लष्करी राजवटींना नको असलेलं बोललं जात होतं म्हणून.

चीनच्या सरकारी सीजीटीएन वाहिनीचं नैरोबीतलं केंद्र 2012पासून आहे, पडद्यावर आफ्रिकी चेहरेही भरपूर. कारखाना उघडला, पूल झाला, करार झाला ही बातमी तिथे लवकर आणि तपशिलात मिळते. पण जून 2024मध्ये केनियातली तरुण पोरं करवाढीविरुद्ध संसदेत घुसली, त्यामागे कर्जाचं ओझं होतं आणि त्या कर्जात मोंबासा-नैरोबी रेल्वेसाठी घेतलेलं चिनी कर्जही होतं. हा धागा तिथे सापडेल या आशेवर राहू नका. बीजिंगला काय हवंय हे ताडायला मात्र वाहिनी चांगली. 1991पासून चिनी परराष्ट्रमंत्र्यांचा वर्षातला पहिला दौरा आफ्रिकेचाच असतो. तेवढा जानेवारी तरी ती जरूर पाहावी.

अल जझीरा सुदानच्या युद्धासाठी पहिल्या क्रमांकावर ठेवा. फक्त पैसा कतारचा आहे. काँगोचं सरकार आणि पूर्व काँगोतले एम23 बंडखोर यांच्या 2025मधल्या वाटाघाटी कतारच्या राजधानीत, दोहातच झाल्या. तिथे यजमानावर टीका कितपत होईल, हे उघड आहे.

आता तिथलीच माध्यमं. माझं झुकतं माप इकडे आहे, पण सरसकट नाही. रवांडातलं मोठं दैनिक सरकारच्याच सुरात बोलतं. एरिट्रियात 2001पासून खासगी वर्तमानपत्रच नाही. केनियात सरकार हाच मोठा जाहिरातदार, त्यामुळे हात आखडतो. शेजारच्या देशाची बातमी तर हे पेपरही बरेचदा लंडन-पॅरिसच्या वृत्तसंस्थांकडूनच घेतात. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या पत्रकारांनी 2017मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्याशी साटंलोटं असलेल्या, मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता बंधू या उद्योजकांचे ईमेल उघड करून जे केलं, ते बाहेरच्या कुणी केलं नसतं. संपूर्ण खंडासाठी ‘द कॉन्टिनेंट’ हे साप्ताहिक आहे. 2020मध्ये निघालेलं, पीडीएफ स्वरूपात थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं आणि फुकट. निम्मा तास पुरतो.

आणि तूरवाल्यांचं? 2023च्या अखेरीस भारताकडे निघालेली तूर निर्यातदारांच्या भांडणात मोझांबिकच्या उत्तरेकडच्या नकाला बंदरात अडकली. त्यात ना बंड होतं ना चीन, त्यामुळे मोठ्या जागतिक वाहिन्यांना त्यात रस नव्हता. ऑक्टोबर 2024च्या निवडणुकीनंतर देशभर निदर्शनं पेटली, तेव्हा कॅमेरे राजधानी मापुतोच्या रस्त्यावर होते. उत्तरेकडे काय चाललंय, हे कळण्याची खरी जागा म्हणजे ‘क्लब ऑफ मोझांबिक’ आणि ‘झितामार’ ही संकेतस्थळं. पहिलं पोर्तुगीज बातम्या इंग्रजीत आणून फुकट देतं, दुसरं वर्गणी घेतं. मालाची बोली लावण्याआधी पहिलं रोज वाचा. कंटेनरच्या हिशेबानं माल घेत असाल तर दुसऱ्याची वर्गणी भरा. नैरोबीत नोकरीला निघाला असाल, तर तिथला एखादा दैनिक पेपर आणि शनिवारी ‘द कॉन्टिनेंट’. बीबीसीचे शोधपट जमतील तसे. भारतीय वाहिन्या इथे मोजल्या नाहीत, कारण पंतप्रधानांचा दौरा वगळता त्यांचा कॅमेरा तिकडे क्वचितच दिसतो.