जुन्या गाडीच्या सेन्सरसाठी कनेक्टर संच: प्लॅस्टिकची घरं चांगली, आतली टर्मिनलं पारखून घ्या

इंजिनच्या उष्णतेनं कनेक्टरचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, क्लिप तुटते आणि सेन्सर धडधाकट असूनही सिग्नल मधूनच जातो. अशा वेळी ज्युनिअर पॉवर टायमर या (जुन्या गाड्यांच्या सेन्सर-इंजेक्टरांवर दिसणाऱ्या) पद्धतीच्या कनेक्टरांचा तयार संच खरोखर उपयोगी पडतो. खटकतं ते एवढंच, की डब्यात कप्पे केलेत फक्त पिनांच्या संख्येवरून. नुसत्या पिना मोजून कनेक्टर ओळखता येत नाही.

दोन पिनांचंच बघा. अगदी तेच घर (कनेक्टरचं प्लॅस्टिकचं कवच) बऱ्याच गाड्यांत इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरलाही असतं आणि कूलंट टेंपरेचर सेन्सरलाही. दोन्ही तारा शेजारून जात असतील तर अदलाबदल सहज होते. म्हणून आधी मल्टिमीटर लावा. इंजेक्टर बहुधा १२ ते १६ ओहम दाखवतो. टेंपरेचर सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. हार्नेसच्या (गाडीच्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूनं, इग्निशन चालू करून, इंजेक्टरच्या एका तारेवर बॅटरीचा व्होल्टेज मिळतो, सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास.

तीन पिना असल्या तर बहुधा ५ व्होल्ट, अर्थिंग (ग्राउंड) आणि सिग्नल. थ्रॉटल सेन्सर आणि मॅप सेन्सर (इंजिनच्या इनटेकमधला दाब मोजणारा) दोघांनाही हेच लागतं, त्यामुळे इथे वायरिंग डायग्रामशिवाय पुढे जाऊ नका. घरावर कोरलेले पिनांचे आकडे तार कापण्याआधी टिपून ठेवा.

पात्याची, म्हणजे सेन्सरमधल्या चपट्या पिनेची, रुंदीही मोजा. या संचातली टर्मिनलं (तारेला आवळून घरात बसवायचे धातूचे तुकडे) २.८ मिलिमीटरच्या पात्याची आहेत. सुपरसील या दुसऱ्या पद्धतीच्या कनेक्टरचं पातं १.५ मिलिमीटरचं असतं, तिथे हा संच चालणार नाही. जुन्या जपानी गाड्यांत सुमिटोमो किंवा याझाकीचे कनेक्टर असतात, त्यांच्यासाठीही नाही.

घरं आणि तारेच्या क्लिपा चांगल्या आहेत. टर्मिनलांचा पत्रा मात्र पातळ. प्रत्येक टर्मिनलमध्ये २.८ मिलिमीटरचं सुटं पातं सरकवून पाहा; सैल गेलं तर ते टाकून द्या. मीटरची जाड सुई आत खुपसू नका, पकड कायमची फाकते.

पाणी अडवणारं रबरी सील तारेच्या इन्सुलेशनच्या जाडीला बसेल असंच निवडा. क्रिंप करताना, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून आवळताना, त्याचे पुढचे पंख तांब्यावर, मागचे सीलवर यायला हवेत. साध्या पक्कडीनं मागचे पंख रबरात घुसतात आणि पाणी आत शिरायला वाट होते. त्यासाठी योग्य क्रिंपर वेगळा घ्यावा लागेल.